पथकात माझं काम निजायचं

आमच्या प्रथमोपचाराच्या पथकात चौदा जण होते. तेरा जणांना पट्टी बांधता यायची. मला येत नव्हती, कारण पट्टी माझ्यावरच बांधली जायची. मी पेशंट होते. दर रविवारी दुपारी समाजमंदिराच्या फरशीवर सतरंजी अंथरायचे आणि मी त्यावर निजायची. कधी माझा पाय मोडलेला असायचा, कधी मला साप चावलेला असायचा, कधी मला विहिरीतून काढलेलं असायचं.

हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. चौथीनंतर शाळा सुटली, तरी अक्षर बरं राहिलं. बोलण्यापेक्षा मला लिहिणं सोपं जातं.

आम्ही गावाकडून कोराडीला आलो तेव्हा वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. क्वार्टर माझ्या भासऱ्यांच्या नावावर होतं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते फिटर होते आणि माझा नवरा कोळसा उतरवायच्या कामावर होता. दोन खोल्यांत सासूबाई, भासरे, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही दोघं. राख इतकी उडायची की दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करता येत नसत.

आमच्यात भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना हात लागू द्यायचा नाही. त्यांचं ताट जाऊबाईच वाढायच्या. ते घरात शिरताना खोकायचे आणि मी आतल्या खोलीत जायची. वाटेत समोरासमोर आलो तर मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आठ वर्षं एका घरात राहूनही त्यांचा चेहरा मी नीट पाहिला नव्हता. पाय तेवढे ओळखत होते.

पथक कसं निघालं ते सांगते. फाट्यावर एका सायकलवाल्याला कोळशाच्या ट्रकचा धक्का लागला. बाजाराचा दिवस होता, माणसं धावली. चांगल्या मनानंच धावली. एकानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन तांब्यानं पाणी पाजलं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय धरले आणि पोतं उचलावं तसं उचलून बैलगाडीत टाकलं. दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरात एक म्हातारे कंपाउंडर राहत. फौजेच्या दवाखान्यात नोकरी करून आलेले, आता मुलाजवळ होते. ते फाट्यावर पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती आणि लोक हळहळत उभे होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. पाणी पाजताना शुद्धीवर होता का, उचलताना मान कोणी धरली होती का. मग म्हणाले, "ट्रकनं त्याला पाडलं. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तुम्ही. मान लोंबती ठेवली तीही तुम्हीच."

एक जण त्यांच्या अंगावर धावून गेला. पाणी त्यानंच पाजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच त्यांच्या दाराशी जाऊन बसला. म्हणाला, "मंग शिकवा ना काका आम्हाले. का निस्तं बोलूनच राहता?"

अशी सुरुवात झाली. घरोघरची जुनी धोतरं मागून आणली, सोड्याच्या पाण्यात उकळली आणि कापून तिकोनी पट्ट्या केल्या. दोन बांबू पोत्यांत घालून स्ट्रेचर झालं. पाण्याचा माठ सगळ्यांना एकच, असं काकांनी पहिल्याच रविवारी सांगितलं. त्यावरून दोघे उठून गेले. एक पुढच्या रविवारी परत आला आणि काही न बोलता त्याच माठातलं पाणी प्यायला. ज्यांच्या घरात पथकातलं माणूस असेल त्यांनी दारावर चुन्यानं अधिकची खूण काढायची, म्हणजे अडचणीत लोकांना घर सापडेल. पोरं विचारायची, "इथं काय गणिताची शिकवणी हाय काय?" मदतीला बोलवायला पुरुषांना शिट्ट्या दिल्या. बायका शिट्टी कशी वाजवणार, म्हणून आम्ही ताट वाजवायचं ठरलं.

बाईमाणसाला लागलं तर पुरुषानं हात लावायचा कसा, म्हणून पथकात बायका हव्याच होत्या. बालवाडीच्या बाई आल्या, भाजी विकणारी मावशी आली, आणखी दोघीतिघी आल्या. पण पेशंट व्हायला कोणी मिळेना. पुरुष म्हणाले, आम्ही काय मेलो आहोत काय फरशीवर निजायला? मग बालवाडीच्या बाई आमच्या घरी आल्या.

"आत्याबाई, तुमची धाकटी सून द्या आम्हाले रविवारी."

सासूबाई म्हणाल्या, "तिले? तिच्या तोंडात तं जीभच नाही. ती काय शिकन?"

"जीभ नाही पाहिजे. निजायचं हाय निस्तं."

सासूबाईंना हसू आलं. मला म्हणाल्या, "घरी तं तुले निजाले भेटत नाही. जाय वं, तिथं निजून ये."

बोलायचं नाही म्हणूनच मी गेले. डोळे मिटून पडायचं, बाकी सगळं दुसऱ्यांनी करायचं. सरावात पेशंट ना बाई ना पुरुष, असं काका म्हणत, म्हणून पुरुषही माझ्यावरच शिकत. हात-पाय बांधून घेता घेता मला एकेकाचे हात कळायला लागले. मावशीचे हात मेथीच्या वासाचे, दणकट. गेटवरच्या चौकीदाराचे हात थरथरत, पण गाठ अशी बसायची की हलली नाही पाहिजे. एक जण इतकं करकचून बांधायचा की माझी बोटं गार पडायची. कंपाउंडर काका सगळ्यांना सांगत, "मला काय विचारता? पट्टी बरी की वाईट ते तिला कळतं." चारचौघांत मला बोलता येत नसे, म्हणून त्यांनी खूण ठरवली. बरोबर असेल तर मी एक बोट वर करायचं, चुकलं असेल तर दोन. सगळे माझ्या बोटांना भिऊ लागले.

"दोन काहून वं?" मावशी भांडायची. "एवढी चांगली तं बांधली!"

मी दोनच ठेवायची.

बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचं, हा काकांचा आवडता धडा. पाठीवर पडला तर जीभ मागं जाते आणि तोंडातलं पाणी छातीत उतरतं. आपल्यापासून दूरचा गुडघा उभा करायचा, एक हात गुडघ्यावर, एक खांद्यावर ठेवायचा आणि आपल्याकडे ओढायचं. वरचा पाय दुमडून पुढं ठेवायचा, हनुवटी थोडी वर. मावशी मला एका हातानं वळवायची. म्हणायची, "तुले वळवाले काय लागते? पालकाची जुडी हायेस तू."

यातच आमची चूक होती आणि ती काकांच्याही ध्यानात आली नव्हती. वर्षभर तेरा जणांनी एकच माणूस वळवला, एकच माणूस उचलला. तो माणूस हाडाचा किडकिडीत होता. आणि त्या माणसानं स्वतः कोणालाच वळवलं नव्हतं.

वर्ष झाल्यावर परीक्षा आली. आम्ही सगळे बसनं नागपुरात सदरला गेलो. तिथं एका कचेरीत डॉक्टर एकेकाला आत बोलावून तोंडी विचारत होते. माझी पाळी आली. डॉक्टरांनी मान खाली घालूनच विचारलं, "बेशुद्ध माणसाला प्यायला काय द्याल?"

मला येत होतं. काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी माझ्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिले. पंखा फिरत होता. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं.

कंपाउंडर काका दारात होते. ते म्हणाले, "साहेब, काहीच द्यायचं नाही हेच उत्तर आहे. आणि ती काहीच बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, चूक कुठं झाली?"

डॉक्टर हसले, पण नापास केलं ते केलंच. बाकी तेरा जण पास झाले. त्यांना कागद मिळाला आणि दंडावर बांधायची पट्टी मिळाली. परतीच्या बसमध्ये मावशीनं तिची पट्टी पिशवीत ठेवून दिली, माझ्यासमोर बांधली नाही. माझ्या घराच्या दारावर अधिकची खूण निघाली नाही. मी मात्र रविवारी निजायला जात राहिले.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. ऊन असं होतं की हापशीच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. शाळा सुटलेल्या, बालवाडीच्या बाई माहेरी गेल्या होत्या, कंपाउंडर काका लग्नाला बाहेरगावी. पथकातले पुरुष ड्यूटीवर, माझा नवराही त्याच्या कामावर. भासरे पहिली पाळी करून दुपारी पायी घरी आले. त्या दिवशी ते खोकलेच नाहीत. मी दारापुढच्या ओट्याजवळच्या खोलीत होते, घाईनं दाराआड झाले. फटीतून त्यांचे पाय दिसले. पाय सरळ पडत नव्हते. मग धपकन आवाज आला.

मोठ्या अंगाचा माणूस. ओट्यावर पाठीवर पडले. जाऊबाई ओरडत धावल्या, सासूबाई आल्या, शेजारच्या दोघी आल्या. "ऊन लागलं, ऊन लागलं," असं सगळ्या म्हणत होत्या आणि खरंच ऊनच लागलं होतं. सासूबाईंनी सकाळीच कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं. आमच्याकडे ऊन लागलं की पन्हं, हे सगळ्यांच्या रक्तात आहे. त्यांनी लेकाचं डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी दात उघडले आणि गिलास तोंडाला लावला.

"पे रे बाबू, पे. थोडंसंच पे."

घशातून घुरघुर आवाज आला. पन्हं ओठांच्या कोपऱ्यातून गळत होतं, पण सगळं बाहेर येत नव्हतं. शेजारीण म्हणाली, "पथकातलं कोणी आहे काय ते पाहा ना!" कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दाराआडच होते.

आवाज आणखी घोगरा झाला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण काका तोंडानं काढून दाखवत तसाच तो होता. सासूबाईंनी गिलास पुन्हा वाकडा केला.

"आत्याबाई, गिलास ठेवा खाली!"

सासूबाईंनी मान वर करून जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, तीच बोलली. तोवर मी बाहेर आले होते. मी गिलास त्यांच्या हातातून ओढला, तो पडला. त्यांच्या मांडीवरून डोकं सोडवून खाली ठेवलं.

"भासऱ्याले हात लावते काय वं?" सासूबाई ओरडल्या. "सोड! लाजशरम हाय का नाही?"

"मागून बोलसान मले. आता सरका."

खांद्याला धरून ओढलं. ते हलले नाहीत. पुन्हा ओढलं. माझेच पाय घसरले. वर्षभर मी वळले होते, वळवलं कधीच नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते आठवेना. मग मी आठवायचं सोडून दिलं आणि माझ्या अंगाला काय कळायचं तेवढं मनात आणलं. मावशी ओढायची तेव्हा आधी माझा गुडघा उभा व्हायचा. खांद्याआधी कंबर उचलली जायची. म्हणजे जोर गुडघ्यावर होता. मी त्यांचा पलीकडचा गुडघा उभा केला आणि जाऊबाईंना म्हटलं, "बाई, रडू नोका. मागून कमरेले रेटा. मी म्हटलं की रेटा."

त्यांनी रेटलं, मी ओढलं, आणि एवढा माणूस माझ्याकडे कुशीवर आला. हनुवटी वर केली. तोंडातून पन्हं भळकन बाहेर आलं, माझ्या लुगड्यावर सांडलं. मग एक खोकला, मग आणखी एक. घुरघुर थांबली.

अंग तव्यासारखं होतं, घामाचा थेंब नाही. शेजारणीला दवाखान्याची गाडी आणायला पिटाळलं. धाकट्या पुतणीला सांगितलं, ताट वाजव, थांबू नको. दोरीवरचं लुगडं माठात बुडवून त्यांच्या अंगावर टाकलं आणि सुपानं वारा घालत राहिले. लुगडं वाळलं की पुन्हा बुडवायचं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात काही नव्हतं तरी मूठ गिलास धरल्यासारखी होती.

ताट ऐकून मावशी धावत आली, मागून आणखी तिघी स्ट्रेचर घेऊन. भासऱ्यांना त्यावर घेतलं आणि उचलायला गेल्या तर बांबू वाकला, एकीचा हात सुटला. या बायकांनी आजवर फक्त मला उचललं होतं. मावशी म्हणाली, "आग लागो याले! बाज आणा, बाज!" शेवटी बाजेवर घालून सहा जणींनी त्यांना गाडीपर्यंत नेलं. गाडीत चढवतानाही त्यांना कुशीवरच ठेवा, असं मी म्हणाले. कोणाशी बोलत होते ते आता आठवत नाही.

ते नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस होते. दोन दिवस शुद्ध नव्हती. त्या दोन दिवसांत घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. मी वाईट केलं म्हणून की बरं केलं म्हणून, तेही कळत नव्हतं. माझा नवरा तेवढा म्हणाला, "तू केलं ते बरोबर केलं. दादा मेले असते तरी बरोबरच केलं." तिसऱ्या दिवशी जाऊबाई दवाखान्यातून आल्या. चपला न काढताच आत येऊन म्हणाल्या, "चहा मांगतला त्यायनं." आणि माझा हात धरून खाली बसल्या.

कंपाउंडर काका परत आल्यावर सरळ आमच्याकडे आले. सगळं ऐकलं. "तोंडात काही गेलं होतं?" त्यांनी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "पन्हं." काका म्हणाले, "वेळेवर वळवलं."

तेवढं सासूबाईंनी ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. कैऱ्या टोपलीत पडून पिकायला लागल्या, त्यांनी हात लावला नाही. एका सकाळी मी चुलीजवळ भाकरी थापत होते. त्या माझ्या मागं येऊन बसल्या.

"खरं सांग वं. माह्याच हातानं गेला असता काय तो?"

मी भाकरी तव्यावर टाकली. खोटं बोलणं सोपं होतं. म्हटलं, "हो, आत्याबाई. पण ते शुद्धीवर असते तं तुमच्या पन्ह्यानंच वाचले असते. पन्ह्यात दोष नाही. डोळे उघडे असले, गिलास आपल्या हातानं धरता आला, तं द्यायचं. नाही तं नाही."

त्या उठून टोपलीतल्या कैऱ्या निवडायला बसल्या. त्या उन्हाळ्यात हापशीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी हे सांगितलं. "गिलास त्याच्या हातात दे. त्याले धरता नाही आला तं पाजू नोको. मले इचार, म्या केलं हाय ते." एवढ्या लोकांसमोर स्वतःची चूक सांगायची मला कधी हिंमत झाली नसती.

भासरे घरी आले, बरे झाले, खोकून आत यायला लागले. मीही पहिल्यासारखी आतल्या खोलीत जायला लागले. पण एका रविवारी समाजमंदिरात मी सतरंजीवर निजायला गेले तर ते दारात उभे. माझ्याकडे न पाहता काकांना म्हणाले, "बांबू वाकला म्हणते तुमचा. मले उचलता आलं नाही म्हणते. मंग माह्यावरच शिकवा ना." आणि अंगातला सदरा झटकून सतरंजीवर आडवे झाले. पुरुष हसले, मावशी हसली, त्यांच्या पोटावर थाप मारून म्हणाली, "आता आला बाजाराचा खरा माल!" त्यानंतर पुरुषही पेशंट व्हायला लागले. स्ट्रेचरला जाड बांबू आले. मला पट्टी बांधायला शिकावं लागलं आणि मी बरीच ढिली बांधायची.

परीक्षेला मी परत गेले नाही. दारावर खूण मात्र भासऱ्यांच्या मुलीनं चुन्यानं काढली, थोडी वाकडी.

पावसाळा संपता संपता एका सकाळी पलीकडच्या वस्तीतली एक बाई धापा टाकत आली. तिच्या जावेच्या पायावर उकळत्या वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, सांडला होता. माझा नवरा ड्यूटीवर, मावशी बाजारात. वस्ती दीड मैल लांब. मी पट्ट्यांची पिशवी घेतली आणि चपला शोधत होते. भासरे ओट्यावर दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवला, अंगणातली सायकल वळवली आणि माझ्यासमोर आणून उभी केली.

"बस," म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. हापशीवर सगळ्या बायका होत्या. त्यांच्या हातातल्या बादल्या भरून वाहत होत्या. सासूबाई दारात होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पाहून काय राहिली?" त्या म्हणाल्या. "तिचा पाय भाजून राहिला ना तिकडं!"

मी मागच्या कॅरिअरवर बसले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं सीट धरली. रस्त्यावर राखेचा चिखल होता आणि ते खड्डे चुकवत होते. थोडं पुढं गेल्यावर मान न वळवता त्यांनी विचारलं, "भाजल्यावर काय लावतेत?"

"काही नाही लावत," मी म्हणाले. "थंड पाणी ओतत राहायचं. शाई नाही, पीठ नाही, काहीच नाही."

"अन् त्यायनं पीठ लावलं असन तं?"

"लावलंच असन. धुवून काढू."

ते जोरात पायडल मारायला लागले.